बमरोलीच्या निंबाईची पाठवणी

माझी धाकटी बहीण माझ्या घरी कायमची राहायला येऊ नये, एवढ्यासाठी मी सुरतेला गेले. देवदर्शन, हवापालट असलं काही नव्हतं. परत आल्यावर गावातल्या बायका विचारायला लागल्या, सुरत कशी, काय काय पाहिलं, काय खाल्लं. तोंडाने सांगायला लागले की प्रत्येकीला वेगळंच सांगितलं जातं. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

बहिणीचं नाव सुमन. आम्ही सुमी म्हणतो. तिचा नवरा लूमवर कामाला होता, तो गेला. मुलगी लग्न होऊन नाशिकला. सुमी सुरतेत बमरोलीला पत्र्याच्या एका खोलीत राहते आणि घरी बसून साड्यांना लेस लावते. खोलीपुढे निंबाचं मोठं झाड आहे. त्याची सावली पत्र्यावर असते म्हणून त्या खोलीत माणूस राहू शकतो, नाहीतर वैशाखात तिथे पापड भाजून निघतील.

तिचा फोन आला, "जिजी, झाड मरी राहिनं. झाड गयं ते मी तुनाकडे येस ऱ्हावाले. कायमनी."

घरात आम्ही अहिराणी बोलतो. जिजी म्हणजे मोठी बहीण, बाकीचं तुम्हाला कळलंच असेल. मला तर फारच कळलं. पुढे मी सगळं शाळेतल्या मराठीत लिहिते.

सुमी वाईट नाही. पण ती चार दिवस आली की पाचव्या दिवशी आमच्यात भांडं फुटतं. ती माझे डबे उंचीप्रमाणे लावते, मग मला मीठ सापडत नाही. माझ्या म्हशीला नावं ठेवते. झोपेत शेजारणींशी भांडते, आणि माझ्या घरी झोपते तेव्हा शेजारीण मी असते. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत बसले.

गुरुवार, उधन्याहून बमरोली

गाडीचं सांगण्यासारखं काही नाही. समोरच्या बाईने दोंडाईच्यापासून तिच्या गुडघ्यांचं सांगितलं, मी तिला माझ्या गुडघ्यांचं. उधना स्टेशनला उतरले तेव्हा चारही गुडघे होते तसेच होते.

रिक्षावाला अमळनेरकडचा निघाला. सुरतेत दगड मारला तर खान्देशी माणसाला लागतो आणि तो वळून अहिराणीत शिव्या देतो. रस्त्याच्या कडेला झाडं होती आणि झाडांना नंबर होते. लहान झाडांना लोखंडी पिंजरे. मधल्या पट्ट्यातल्या कण्हेरीला एक टँकर सावकाश चालत पाणी घालत होता.

मी विचारलं, "नंबर कशाला? शाळेत जातात का?"

"मोजलेली आहेत, मावशी. इथे झाड तोडायचं तर अर्ज करावा लागतो. साहेब बघून जातो, मग परवानगी."

"आणि नाही मिळाली तर?"

"मग नाही तोडायचं."

आमच्या गावात असं नाही. चुलत्याला बैलगाडीचा दांडा पाहिजे, बाभूळ गेली. पुढाऱ्याचा फलक दिसत नाही, निंब गेला. झाडाला कळायच्या आत सरपण होतं. मी म्हटलं, एवढी काळजी घेणाऱ्या गावात सुमीचंच झाड कसं मरतंय? ते पोचल्यावर कळलं.

सुमीच्या खोलीपुढे झाड नव्हतं. देवी होती. म्हणजे आत कुठेतरी झाड होतं, पण बुंध्याला साड्यांवर साड्या नेसवलेल्या. माझ्या पेटीत नाहीत तेवढ्या साड्या त्या निंबाच्या अंगावर होत्या, आणि माझ्यापेक्षा बऱ्या. बुंध्याला चिकटून सिमेंटचा गोल ओटा. ओट्यावर कोणाच्या तरी न्हाणीघरातून उरलेल्या फरशा, निळ्या, त्यांच्यावर उड्या मारणारे मोठे मासे. खिळे ठोकून घंटा टांगलेल्या. तेलाचे दिवे बुंध्याला टेकून लावलेले, साल काळी पडलेली. आणि ह्या सगळ्यांत मधोमध एक नारळ. नारळाला नथ, कपाळाला कुंकू, दोन डोळे. वर पाटी, ‘निंबाई माता प्रसन्न’.

मान वर केली तर अर्धं झाड वाळलेलं.

मी नारळाकडे नीट पाहिलं. उजवा डोळा डाव्यापेक्षा मोठा होता. लहानपणी आमच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसायची तेव्हा नारळावर डोळे काढायचं काम सुमीचं. दरवर्षी उजवा डोळा मोठा. आई म्हणायची, ह्या पोरीने देवीला डोळा मारायला शिकवलं.

"सुमे," मी म्हटलं, "हे डोळे तू काढले."

ती चहा गाळत होती. चहा गाळणीच्या बाहेर गेला.

"हळू बोल," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मागच्या गल्लीतल्या एका गोदामवाल्याला टेम्पो वळवायला निंब आडवा येत होता. रविवारी कुऱ्हाडवाला आणतो, असं तो सगळ्यांसमोर बोलून गेला. सुमीने काय करावं? रविवारी उजाडायच्या आत शिडी लावली, नारळाला डोळे काढले, नथ घातली, हिरवी साडी गुंडाळली आणि झाडाला देवी बांधून घरात येऊन झोपल्याचं सोंग घेतलं. कुऱ्हाडवाला आला, त्याने कुऱ्हाड खाली ठेवली, हात जोडले आणि निघून गेला.

"तेव्हा झाड वाचलं," सुमी म्हणाली. "पण मग देवी वाढायला लागली, जिजी. आधी एकीने दिवा लावला. मग कोणाचं तरी पोरगं पास झालं. मग मंडळ निघालं. मंडळाने ओटा बांधला. आता शहराच्या दुसऱ्या टोकाहून, पर्वत पाटियावरून बायका येतात."

"मग सांगून टाक, मीच बांधली म्हणून."

"तीन वर्षं लोकांनी पाया पडून घेतलंय. आता सांगितलं तर मला गल्लीत ठेवतील का? मग तर मला तुझ्याकडे यावंच लागेल."

तिने जेवायला वाढलं. नारळाची चटणी, नारळ घातलेली गिलक्याची भाजी, वरणात नारळ, वर नारळाची बर्फी. देवीला रोज नारळ येतात आणि शेजारीण म्हणून सुमीच्या वाट्याला येतात. आम्ही शेंगदाण्यावर वाढलेली माणसं. शुक्रवारी पहाटेपर्यंत माझ्या पोटाने मला तीनदा बोलावून घेतलं.

शुक्रवार, झाडाचा डॉक्टर

सकाळी मनपाच्या बागखात्याचा माणूस आला. परेशभाई नाव. सडपातळ, टोपी घातलेला, खिशात पक्कड, हातात लाकडी हातोडी. त्याने लुगड्यांच्या मधून हात घालून बुंध्यावर टकटक केलं आणि कान लावला. मी ओट्यावर बसले होते.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

तो हसला नाही. "आत पोकळ थवा लाग्युं छे, बा. म्हणजे आतून पोकळ व्हायला लागलंय." बमरोलीत काम करून करून त्याला मराठी येते, मध्ये मध्ये गुजराती सांडते. बा म्हणजे आई.

मग त्याने मला झाड दाखवलं. मी जन्मभर झाडाखाली बसले, पण असं कोणी दाखवलं नव्हतं. सिमेंटने मुळांचा श्वास कोंडलाय. पाणी आत जात नाही. तेलाने साल जळलीय. खिळ्यांच्या भोकातून कीड शिरलीय. प्रसादाच्या साखरेला मुंग्या आणि मुंग्यांच्या मागे वाळवी. मागच्या महिन्यात एक फांदी एका मोटारसायकलवर पडली, बरं झालं वर माणूस नव्हता.

"बा, हा ओटा काढला, खिळे काढले, बुंध्याभोवती माती मोकळी सोडली, सुकलेलं कापलं, तर बची जशे. निंब चिवट छे. पण मंगळवारी मोठे साहेब येणार. पावसाळ्याच्या आधीची तपासणी. हे असंच दिसलं तर धोकादायक लिहावं लागेल. धोकादायक लिहिलं की कापावं लागेल."

"मग काढ ना ओटा. हातोडी आहे तुझ्याकडे."

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "दोनदा आलो होतो. मंडळवाले उभे राहिले. देवीला हात लावायचा नाही. माझी माणसं पण घाबरतात, बा. त्यांनी आधी पाया पडायला चपला काढल्या आणि मग चपला घालून निघून गेले."

सुमी मागे उभी होती. तिने विचारलं, "आणि भाऊ, समजा, कोणाला झाड नुसतंच तोडायचं असेल, परवानगी न घेता, तर?"

"एक फोन करायचा आम्हाला. आम्ही येऊन थांबवतो. एवढंच."

सुमी जागच्या जागी बसली. त्याने विचारलं काय झालं. मी म्हटलं, उन्हाचं. तो गेल्यावर ती म्हणाली, "जिजी, फोन करायचं माहीत नव्हतं. देवी बसवायची माहीत होती."

दुपारी मी न्हाले आणि केस वाळवायला ओट्यावर बसले. पांढरे केस मोकळे, अंगावर सुमीची हिरवी साडी, पोटात अजून नारळ, त्यामुळे मी जरा डुलत होते आणि मधून हुं हुं करत होते. ही चूक झाली. दोन अनोळखी बायका आल्या, माझ्याकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि एकीने माझ्या कपाळाला कुंकू फासून पाय धरले.

"माय, माझ्या पोराचं लगन कधी?"

"मला काय माहीत? करतो काय पोरगा?"

"काही नाही, माय. मोबाइल बघतो."

"मग कोणाची पोरगी उतू चाललीय?"

ती बाई रडायलाच लागली. "खरं बोलली माय!" दुसरी म्हणाली, "माझी सासू मला उभी राहू देत नाही." मी म्हटलं, "मग बसून घे." ह्याचाही त्यांना काहीतरी अर्थ लागला. पाच मिनिटांत आठ-दहा बायका जमल्या. मी उठून सांगितलं, "अगं बायांनो, माझ्या अंगात देवी येत नाही. वीस वर्षं झाली, माझ्या अंगात फक्त संधिवात येतो."

"बघा, किती साधी आहे," कोणीतरी म्हणालं.

शेवटी मी संडासाकडे पळाले तेव्हा त्यांनी मला वाट करून दिली आणि हात जोडले.

शनिवार, झाडांचा दवाखाना

परेशभाईने सांगितलं होतं, बाग बघायला या. सुमी आणि मी गेलो. आधी तिने मला लोचो खायला घातला. लोचो म्हणजे डाळीचं वाटलेलं पीठ वाफवून, अर्धवट मोडून, वर तेल, शेव, कांदा. आमच्याकडे कोणा सुनेच्या हातून असं झालं तर ती चार दिवस मान खाली घालून फिरेल. सुरतेत त्यासाठी लोक रांगेत उभे होते. मी दोन बशा खाल्ल्या. पोटाला काही झालं नाही, म्हणजे दोष नारळाचाच.

बागेच्या मागच्या बाजूला एक वड उभा होता. रस्ता रुंद करताना आडवा आला म्हणून मुळांसकट उचलून इथे आणून लावलेला. फांद्या छाटलेल्या, बुंध्याला गोणपाट गुंडाळलेलं, तीन बाजूंनी टेकू. ऑपरेशन होऊन आलेला माणूस आरामखुर्चीत बसवावा तसा. छाटलेल्या टोकांना तांबडे कोंब फुटले होते. एक माळी नळीने गोणपाट ओलं करत होता.

सुमीने वडाला हात जोडले. मी तिच्या हातावर चापट मारली. "जोडू नकोस. तू हात जोडतेस आणि मग ओटा बांधला जातो."

माळी हसला. मी त्याला विचारलं, आमचा निंब असा उचलून नेता येईल का. तो म्हणाला, आधीच आजारी आहे, प्रवासात मरेल. जिथे आहे तिथेच सुधारला पाहिजे. मग त्याने छाटलेल्या फांद्या दळायचं यंत्र दाखवलं. फांदी एकीकडून घालायची, दुसरीकडून भुसा. त्याचं खत होतं. मला ते यंत्र फार आवडलं. सुमीला ते बघवेना.

बसमध्ये बसल्यावर ती म्हणाली, "तुझ्याकडे मागची खोली मोकळी आहे ना? तिथे मांडणी मी माझ्या पद्धतीने लावेन."

माणसाला अक्कल भीतीने येते. त्या क्षणी मला सुचलं.

"सुमे, नारळाला नथ घातली, डोळे काढले. ही कानबाईच आहे ना?"

"मला दुसरी देवी कुठे काढता येते?"

"मग कानबाई किती दिवस बसते?"

सुमीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या खान्देशात कानबाई श्रावणातल्या एका रविवारी येते. रात्रभर बायका गाणी म्हणतात, रोट होतात, म्हणजे घरच्या दळणाच्या पुरणपोळ्या आणि खीर. सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर नेतात, पाण्यात बुडवतात आणि नारळ परत आणून डब्यात ठेवतात, पुढच्या श्रावणापर्यंत. एक मुक्काम. त्यावर एक दिवस नाही.

रविवार, गल्लीची सभा

संध्याकाळी मी गल्लीला झाडाखाली बोलावलं. शुक्रवारपासून माझा थोडा दरारा होताच. मंडळाचे अध्यक्ष आप्पा आले. लूममधून निवृत्त झालेले, गळ्यात रुमाल, आवाज मोठा, कारण जन्मभर मागांच्या खडखडाटात बोललेले. ओट्यावरच्या माशांच्या फरशा त्यांच्याच देणगीच्या.

मी उभी राहिले. "तुम्ही सगळे कुठले?" कोणी शिरपूर म्हणालं, कोणी साक्री, कोणी पारोळा. मागे दोन घरं ओडिशाची आणि एक बिहारचं, तीही आली होती.

"तुमच्या गावी कानबाई किती मुक्काम करते?"

"एक," सगळ्या बायका एकदम म्हणाल्या.

मी नारळाकडे बोट केलं. "हिच्या नाकात नथ कोणाची? डोळे कोणाचे? कानबाईचेच ना? बघा नीट. आणि सांगा, ही किती वर्षं बसलीय?"

साक्रीची रेखा म्हणून शिवणकाम करणारी बाई आहे, तिने कपाळावर हात मारून घेतला. "अग्गं माय वं! आपण पाठवणीच केली नाही!"

"एका रात्रीची पाहुणी," मी म्हटलं, "तीन वर्षं बांधून ठेवलीत. वर साड्या गुंडाळल्या, ह्या उन्हात. तुम्हाला असं कोणी ठेवलं असतं तर तुम्ही झाड वाळवलं नसतं का?"

आता खरं सांगते, देवी झाड वाळवते असं मला वाटत नाही. झाड सिमेंटने वाळलं. पण ते परेशभाईने सांगून झालं होतं आणि कोणी ऐकलं नव्हतं.

आप्पा गरजले, "वैशाखात कानबाईचं विसर्जन? श्रावण कुठे आहे?"

"बसवलीत तेव्हा कुठला महिना होता?"

"माघ," आप्पा म्हणाले आणि बसले.

मग मोठा वाद झाला. पाठवणी करायची तर रोट पाहिजेत. रोट राहून गेलेत तीन वर्षांचे, ते तिन्ही करायचे का? आणि रोट खायचे फक्त भाऊबंदांनी, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. मग निंबाईचे भाऊबंद कोण? शिरपूरवाले म्हणाले आम्ही, कारण पहिला दिवा आम्ही लावला. पारोळावाले म्हणाले घंटा आमची. बिहारच्या घरातली वहिनी मागून म्हणाली, "दीदी, हम तो रोज इसके नीचे बैठते हैं, हम क्या लगे?"

मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, "जिच्या पत्र्यावर सावली पडते ती भाऊबंद. संपलं."

त्या हिशेबाने सगळी गल्ली भाऊबंद झाली. रात्री जेवणाच्या वेळी प्रत्येक घरात पुरण शिजत होतं. वैशाखाचा उकाडा, पत्र्याच्या खोल्या आणि तीन वर्षांच्या पुरणपोळ्या. लोक खात होते, घाम पुसत होते आणि पुन्हा खात होते. आप्पांनी भिंतीला टेकून नऊ खाल्ल्या आणि म्हणाले, पहिलं वर्ष झालं.

सोमवार, तापीचा ओवारा

सकाळी सुमीने स्वतः नारळ उतरवला, बायकांनी बुंध्यावरच्या साड्या सोडल्या. पाटावर ठेवून, डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत आम्ही निघालो. टेम्पो केला होता. ओवारा म्हणजे सुरतेत नदीचा घाट. तिथे पाटी होती, नदीत काही टाकू नये. आम्ही टाकणार नव्हतोच. बायकांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून नारळ तीनदा बुडवला, ओटी भरली, आणि काढून घेतला. साड्या धुऊन ज्यांच्या त्यांना परत दिल्या.

नदीत कोणी काही टाकलं नाही, फक्त माझी डावी चप्पल पायरीवरून घसरली आणि तापीत गेली. ती भरतीने वर गेली की ओहोटीने समुद्राकडे, ह्यावर आप्पा आणि टेम्पोवाल्याचा बराच वाद झाला. मी एक पाय पोळत उभी होते.

परत येताना टेम्पोत सुमी रडायला लागली. नारळ मांडीवर, डब्यात. आणि एकाएकी सगळ्यांसमोर म्हणाली, "ही देवी मीच बांधली होती. मी तुम्हाला फसवलं."

मला वाटलं, झालं. आता उतरल्यावर हिची पेटी भरायची आणि माझ्या गावाचं तिकीट काढायचं.

आप्पा खाकरले. "ताई, शिडी माझी होती. तुम्ही न विचारता नेली. मी खिडकीतून बघत होतो."

"नारळ माझ्या ओसरीवरचा," पारोळ्याची म्हातारी म्हणाली.

"हिरवी साडी मी दोरीवर वाळत घातलेली," रेखा म्हणाली. "फॉल लावायला आलेली. दुसऱ्याची होती. किती बोलणी खाल्ली मी!"

सुमीचं रडं थांबलं. "म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"मग! चोरी झाल्यावर कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

आप्पा रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "सावली आम्हालाही पाहिजे होती. आणि वाटलं, बाकीच्यांची श्रद्धा बसलीय, आपण कशाला मोडा. ओटा पण म्हणूनच बांधला, पक्का, की कोणी झाडाला हात लावू नये." मग म्हणाले, "तो परेश ओटा तोडायला आला तेव्हा मी आडवा गेलो. मला वाटलं गल्ली चिडेल."

गल्ली टेम्पोत बसून आप्पांकडे बघत होती. प्रत्येकाला वाटत होतं, श्रद्धा दुसऱ्याची आहे. एकाने तोंड उघडलं असतं तर मला गुडघे घेऊन इथवर यावं लागलं नसतं. हे मी त्यांना तसंच सांगितलं.

मंगळवार

परेशभाई सकाळी माणसं घेऊन आला आणि साहेब दुपारी. ओट्यावर पहिला घण आप्पांनी घातला, माशांच्या फरशीवर. मग मजुरांनी सिमेंट फोडलं. खाली मुळं निघाली, पांढरट, एकात एक अडकलेली, वळून वळून बाहेरची वाट शोधत होती. बिहारची वहिनी म्हणाली, बापरे.

खिळे पकडीने निघाले. वाळलेलं कापून खाली आलं. निंब बोडका दिसायला लागला, वर मोजून चार-पाच हिरव्या डहाळ्या. बुंध्याभोवती माती उकरून मोठं आळं केलं. साहेबांनी हातोडीने टकटक केलं, कान लावला, वर पाहिलं, आणि वहीत लिहिलं. सुमीने माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी पिचली.

"धोकादायक नथी," ते म्हणाले. "कापायचं नाही. पण जगेल की नाही, दीड-दोन महिन्यांत कळेल. रोज पाणी घाला."

साड्यांमुळे त्या झाडाला आजवर नंबरच मिळाला नव्हता. परेशभाईने रंगाने नंबर घातला, खिळा न ठोकता. अर्ध्या तासाने मी बघते तर नंबराला हळदकुंकू लागलेलं. कोण ते कळलं नाही. आप्पा तेव्हापासून काठी घेऊन खुर्ची टाकून बसले. कोणी उदबत्ती घेऊन आलं की ओरडत, "बादली आणा, बादली! इथे पाण्याशिवाय काही चालत नाही!" पर्वत पाटियाहून आलेल्या दोन बायकांनी नवस म्हणून दोन दोन बादल्या घातल्या आणि समाधानाने गेल्या.

मी बुधवारी निघाले. आप्पांनी मला त्यांची जुनी चप्पल दिली, दोन बोटं मोठी. सुमी स्टेशनवर आली. झाड जगलं नाही तर काय, हे दोघींना माहीत होतं. घरी आल्यावर मी मागच्या खोलीतलं भुसाचं पोतं हलवून जागा करून ठेवली. बोलावणार नव्हते, पण आलीच तर तिला बाहेर झोपवणार नव्हते.

महिना झाला असेल. परवा म्हशीचं दूध काढत होते आणि फोन वाजला. सुमी. नुसती हुंदके देत होती. मी चरवी बाजूला ठेवली.

"जिजी," ती म्हणाली, "फुटना वं, कोंब फुटना! कापलेल्या फांदीवर. तांबूस, बोटाच्या पेराएवढा. एक नाही, सगळीकडे फुटना!" आणि पुन्हा रडायला लागली.

म्हैस पाय झाडत होती. मी म्हटलं, "रडायचंच असेल तर घरात बसून नको रडूस. बाहेर आळ्याजवळ जाऊन रड. तेवढंच पाणी."